सांधा कोणाच्या हिशेबात?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यात आले. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने त्यासाठी सर्व्हरची रचना देशातच केली. सर्व्हरांना परस्परांशी जोडणारे ‘त्रिनेत्र’ नावाचे जाळेही तिने विकसित केले आहे. या पराक्रमाचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. तथापि अशा यंत्रांत एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूवर फार मोठा भार असतो, आणि तिची दखल सहसा कोणी घेत नाही. ती वस्तू म्हणजे कनेक्टर, दोन सर्किट बोर्डांमधला सांधा.

१९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ सिद्ध झाला, तेव्हा त्यातील ट्रान्सप्युटर चिपांच्या दुव्यांचा वेग सेकंदाला दोन कोटी बिट इतका होता. म्हणजे एक बिट ५० नॅनोसेकंद टिके. बोर्डावरील तांब्याच्या रेषेतून विद्युत्संकेत प्रकाशाच्या सुमारे निम्म्या वेगाने धावतो, हे ध्यानी घेतले तर तो बिट सात-साडेसात मीटर लांबीचा ठरतो. त्या लांबीपुढे दीड सेंटिमीटरच्या कनेक्टरची मातब्बरी ती काय? तो केवळ वीज पलीकडे नेई. आज एका तारजोडीतून सेकंदाला २५ अब्ज बिट धाडणे सामान्य झाले आहे. तेथे बिटाचे आयुष्य ४० पिकोसेकंद आणि लांबी अवघी सहा मिलिमीटर! एकाच पिनेत दोन-अडीच बिट एका वेळी असतात. सांधा आता केवळ सांधा राहिलेला नाही. तो स्वतःच एक मार्ग झाला आहे.

दोराला दोर बांधला आणि दोहोंची जाडी निराळी असली, तर एका टोकास दिलेला हिसका गाठीपाशी काही अंशी मागे फिरतो. विजेचेही तसेच आहे. ५० ओहमच्या मार्गातून आलेला संकेत ६० ओहमच्या सांध्यात शिरला, की त्याचा सुमारे नऊ टक्के भाग माघारी वळतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. शेजारच्या पिनेतील संकेताची कुजबूज याच्यात उमटते, ती निराळीच. म्हणून बोर्ड घडविण्यापूर्वी कनेक्टरचे गणिती प्रतिमान करावे लागते. त्याच्या आकाराचे लक्षावधी बारीक तुकडे कल्पून मॅक्सवेलची समीकरणे संगणकावर सोडवायची, आणि कोणत्या कंप्रतेचा किती संकेत पलीकडे जातो व किती परततो, याची कोष्टके सिद्ध करायची.

गणित आधी आणि धातू मागाहून, हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची केबल तीनेक आठवड्यांत निकामी झाली. लांब केबलीत संकेत कसा पसरट होतो, हे विल्यम थॉमसन यांनी आधीच गणिताने मांडले होते. पण कंपनीच्या विद्युत्तज्ज्ञाने ते न मानता दाब वाढवून संदेश रेटण्याचा हव्यास धरला. गणिताला मान मिळाला, तेव्हा १८६६ ची केबल टिकली. आणि १८७० मध्ये मुंबईही सागरी तारेने पश्चिमेशी जोडली गेली.

मात्र प्रतिमान केले म्हणजे ते खरेच असते, असे नव्हे. सदोष प्रतिमानात संकेत शिरण्यापूर्वीच बाहेर पडलेला दिसतो. कार्यकारणभावाची आपल्या दर्शनांनी एवढी चर्चा केली, त्या देशात तरी कारणाआधी कार्य खपून जाऊ नये! कधी आत गेली त्याहून अधिक ऊर्जा बाहेर येताना दिसते. अशी कोष्टके न पारखता वापरणारा अभियंता संगणकाच्या पडद्यावर यशस्वी होतो आणि प्रयोगशाळेत पडतो.

याहून बिकट प्रश्न सीमेचा आहे. तेलंगणातील वांकिडी हे चंद्रपूर जिल्ह्यास लागून असलेले गाव. त्याच्या शेजारच्या केरामेरी मंडळाच्या हद्दीवरील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला. एकाच माणसाचे नाव दोन मतदारयाद्यांत, एकाच गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा. परंतु जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न मात्र दीर्घकाळ लोंबकळत राहिला. कनेक्टर जेथे बोर्डाला मिळतो, तेथील तांब्याचा मुलामा दिलेल्या छिद्राची गतही हीच. कनेक्टर विकणारा ते आपल्या प्रतिमानात धरतो आणि बोर्ड आखणाराही धरतो; मग हिशेब दुबार होतो. अथवा दोघेही ते दुसऱ्यावर सोपवितात आणि नेमक्या दुखऱ्या जागेचा वाली कोणीच उरत नाही. प्रतिमानाची सीमा कोठे आखली, हे लेखी नमूद करणे म्हणूनच अगत्याचे ठरते. मापन-उपकरणाच्या जोडण्यांचा परिणाम वजा करून निखळ मोजमाप कसे मिळवावे, याचे ५० गिगाहर्ट्झपर्यंतचे ‘आयईईई ३७०’ हे मानक प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा सबबीस जागा नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहतील, हाताला काम मिळेल. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु परकीय साच्यात देशी पितळ ओतणे म्हणजे स्वदेशी नव्हे. सांध्याचे गणित आपले आपणांस मांडता आले आणि ते खरे की खोटे हे आपल्याच प्रयोगशाळेत मोजून ठरविता आले, तरच त्या शब्दास अर्थ आहे. यासाठी महाराष्ट्रातील आणि गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना सामाईक मापन-प्रयोगशाळा मिळाव्यात. सरकारी पैशाने होणाऱ्या खरेदीत, विक्रेत्याने मोजून पडताळलेले आणि सीमा स्पष्ट केलेले प्रतिमान मालासोबत दिलेच पाहिजे, अशी अट असावी. विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरची बटणे दाबावयास शिकविताना, आलेल्या उत्तरावर संशय घेण्यासही शिकवावे.

जहाजबांधणीच्या परंपरेत वाढलेल्या आमच्या किनाऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. फळी कितीही उत्तम सागवानाची असो, गलबतात पाणी शिरते ते दोन फळ्यांच्या फटीतून. त्या फटीची जबाबदारी कोणाची, हे गलबत पाण्यात लोटण्यापूर्वीच ठरलेले बरे.