ऑनलाईन व पारंपरिक व्यवसाय : लघुविक्रेत्याची बाजू

पारंपरिक दुकानास भाडे व वीजबिल हा खर्च विक्री होवो न होवो करावाच लागतो. ऑनलाईन विक्रेत्याचा खर्च प्रामुख्याने प्रत्येक मागणीगणिक वाढतो. म्हणून ऑनलाईन व्यवसाय स्वस्त, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. तयार कपड्यांत माप चुकले की माल परत येतो.

करविषयक भेद अधिक लक्षणीय आहे. महाराष्ट्रात कपडे विकणाऱ्या दुकानदारास वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कर नोंदणीतून सूट आहे. ई-बाजारपेठेवरील विक्रेत्यास ती १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरती. परिणामी सावंतवाडीचा विक्रेता नागपूरला नोंदणीविना माल पाठवू शकतो. शेजारच्या म्हापशास मात्र नाही.