आधी गाडी बंद करा, मग डोकं चालवा : नंदाखालमध्ये शिकलेला 18,500 रुपयांचा धडा



परवाच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, "प्लॅन बिघडला की आधी थांबा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, धंद्यात थांबून कसं चालेल?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज स्वतःचीच एक फजिती सांगतो.

गेल्या जानेवारीतला शनिवार. मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, ठाण्याहून पहाटे सहाला निघालो. प्लॅन कागदावर लिहिलेला होता. आठ वाजता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नाश्ता, बाराला केळवे, तिथेच जेवण, चारला डहाणू, संध्याकाळी हॉटेल. हॉटेलला 2,000 रुपये अॅडव्हान्स भरलेला. सगळं मिनिटावर बसवलेलं. ट्रेनर ना मी!

घोडबंदर रस्त्यावरच पहिला तास गेला. वर्सोवा पूल ओलांडून मुंबई-अहमदाबाद हायवेला लागलो, तर पुढे ट्रकच्या रांगा. साडेदहा वाजले तरी आम्ही वसईच्याच हद्दीत.

तेवढ्यात एका क्लायंटचा फोन आला. दोन दिवसांच्या ट्रेनिंगचं मी 40,000 रुपयांचं कोटेशन दिलं होतं. ते म्हणाले, "सर, 28,000 मध्ये करा, आत्ता फायनल करतो." मागून हॉर्न, बाजूला ट्रक, मुलगी भुकेली. मी म्हणालो, "ठीक आहे, करून टाका." फोन 40 सेकंदांचा. त्यात 12,000 रुपये गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण वेळ भरून काढायचा होता! हायवे सोडला, नालासोपाऱ्याकडे वळलो आणि पश्चिमेच्या आतल्या रस्त्यांनी अर्नाळ्याकडे गाडी पळवायला लागलो. नंदाखालमध्ये रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्या. एक स्पीडब्रेकर दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला. खाली बघितलं तर ऑईल गळतंय. चेंबर फुटला होता.

मी लगेच मोबाईल काढला. हॉटेलला फोन करू, दुसरी गाडी बघू, ओळखीच्या मेकॅनिकला विचारू... बायकोने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "अहो, आता दहा मिनिटं कोणालाही फोन करू नका. आधी पाणी प्या."

ते दहा मिनिटं

एका वाडीच्या कडेला सावलीत बसलो. तिथे एक आजी भाजी विकत होत्या, सोबत सुकेळीच्या पुड्या. वसई-आगाशीकडची सुकेळी म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. आजींनी मुलीच्या हातात एक सुकेळं ठेवलं. मुलीने विचारलं, "किती दिवस वाळवता?"

"आठवडाभर तरी लागतो, बाळा."

"आणि ढग आले तर?"

"मग झाकून ठेवायची. ऊन पडलं की परत काढायची. घाई केली तर बुरशी धरते, सगळा घाणाच जातो."

बघा मित्रांनो, बिझनेसचं एक अख्खं सेशन या दोन वाक्यांत आहे. ऊन आजींच्या हातात नाही. झाकणं त्यांच्या हातात आहे. ढग आले म्हणून त्या केळी फेकत नाहीत, स्वस्तात विकत नाहीत आणि ओली बांधून गिऱ्हाईकाला देतही नाहीत.

मेकॅनिक आला. पार्ट विरारहून येणार, संध्याकाळ होईल म्हणाला. मग आम्ही गाव पायी फिरलो. चर्च बघितलं, वाडीतल्या विहिरी बघितल्या. उस्मानाबादला जानेवारी 2020 मध्ये झालेल्या 93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखाल परिसरातले, हे तिथे गप्पा मारताना कळलं. अर्नाळ्याला जाताना मी या भागातून चार-पाच वेळा गेलो असेन. काच खाली करून कधी बघितलं नव्हतं.

हिशोब मांडला तेव्हा

रात्री अकराला घरी परतलो. डहाणू राहिलंच. दुसऱ्या दिवशी वहीत दोन रकाने केले.

उशीर झाल्यामुळे गेले : हॉटेलचा अॅडव्हान्स, 2,000.
घाई केल्यामुळे गेले : ट्रेनिंगचे 12,000 आणि चेंबरचे 6,500. एकूण 18,500.

ट्रॅफिकने माझं 2,000 चं नुकसान केलं. त्याच्या नऊपट नुकसान मी स्वतः केलं. ट्रेनिंग 28,000 मध्येच केलं. शब्द दिला होता, पाळला.

थांबणं म्हणजे आळस नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ऑक्टोबर 2025 मध्ये याच हायवेवर वसईजवळ शाळेच्या सहलीच्या बस अडकल्या होत्या. विरारजवळून सहल करून परतणारी 500 हून जास्त मुलं, सुमारे 12 बस. घोडबंदर रस्त्याच्या दुरुस्तीमुळे अवजड वाहनं वळवली होती. संध्याकाळी अडकलेल्या काही बस दुसऱ्या दिवशी पहाटे सुटल्या. भुकेल्या मुलांना स्थानिक कार्यकर्त्यांनी पाणी आणि बिस्किटं नेऊन दिली.

त्या मुलांना "शांत राहा, मजा घ्या" असं सांगून चाललं असतं का? नाही. त्यांना पाणी आणि खाणं हवं होतं. म्हणजे शांतपणे थांबायचं असेल, तर तयारी आधी हवी. घरून केक करून देणाऱ्या ताईंची डिलिव्हरी ट्रॅफिकमध्ये अडकली, तर केक थांबणार नाही. निर्णय घ्यावाच लागेल. फक्त तो घाबरलेल्या डोक्याने घ्यायचा नाही.

टोयोटाच्या कारखान्यात लाईनवर एक दोरी असायची. काही चुकतंय असं दिसलं की साधा कामगारही ती ओढू शकायचा. चूक तिथल्या तिथे सुटली नाही, तर लाईन थांबायची. मोठी कंपनी थांबते, कारण चुकीचा माल पुढे जाणं जास्त महाग पडतं. आपल्या धंद्यात ती दोरी आपणच बांधायची.

तुमची दोरी : चार नियम

1. दहा मिनिटं पैशाचा निर्णय नाही. प्लॅन बिघडल्यावर डिस्काउंट, फ्री माल, नवीन ऑर्डर, काहीच कबूल करायचं नाही. एक वाक्य पाठ करून ठेवा : "मी रस्त्यात आहे, संध्याकाळी सहाला फोन करतो." खरा क्लायंट सहापर्यंत थांबतो.

2. नेमकं काय गेलं ते लिहा. "सगळी वाट लागली" हा हिशोब नाही. किती रुपये, किती तास, कोणती ऑर्डर? लिहिलं की नुकसान बहुतेक वेळा वाटलं त्यापेक्षा लहान निघतं.

3. गिऱ्हाईकाला आधी तुम्ही कळवा. आणि नवीन वेळ सांगताना तासभर जास्तीची सांगा. चारला पोचाल असं वाटतंय? पाच सांगा. एकदा चुकलेली वेळ माफ होते, दुसऱ्यांदा होत नाही.

4. प्लॅनमध्ये मोकळी जागा ठेवा. दिवसात पाच डिलिव्हरी होत असतील, तर चारच घ्या. पाचवीची जागा ट्रॅफिक, पाऊस आणि पंक्चरसाठी.

आता आमची सहल एका दिवसात एकाच ठिकाणी असते. मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, "बाबा, परत चेंबर फुटला तिथे जायचं?" तिच्या आठवणीत ती फसलेली सहल नाहीच. आजींचं सुकेळं आहे, विहीर आहे, आणि दिवसभर फोन खिशात ठेवलेला बाबा आहे.

आजचं होमवर्क : गेल्या तीन महिन्यांत प्लॅन बिघडलेला एक दिवस आठवा. वहीत दोन रकाने करा, "उशिरामुळे गेले" आणि "घाईमुळे गेले". खरे आकडे लिहा. दुसरा रकाना मोठा निघाला, तर पहिला नियम उद्यापासून सुरू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. सावकाश या, पण या नक्की!