नाव खसऱ्यात, घाम शेतात

इंदूर मागे टाकून सांवेर रोडने उज्जैनकडे निघाले की प्रथम कारखान्यांच्या शेड लागतात. त्या सरल्या की माळव्याची काळी जमीन सुरू होते. पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा हा या रानाचा क्रम. आमच्यासारख्या काही मराठी कुटुंबांची वडिलार्जित शेती याच बाजूला आहे. मालक शहरात नोकरी करतो आणि शेत वाटेकरी पिकवतो, ही घडी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. सरकारी मदतीच्या रकमेने मात्र या घडीतील एक उणीव उघडी पाडली.

२०२५ च्या खरिपात मध्य प्रदेश शासनाने सोयाबीनसाठी भावांतर योजना पुन्हा आणली. २०१७ मध्ये तिचा पहिला प्रयोग आठ पिकांवर झाला होता. या वेळी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. शेतकऱ्याने माल मंडीत विकावा आणि हमीभावाशी पडणारा फरक शासनाने त्याच्या खात्यात भरावा, अशी ही योजना. मात्र त्यासाठी मंडीतील व्यवहारांवरून एक सरासरी दर काढतात. नोव्हेंबरात जाहीर झालेला पहिला दर ४०२० रुपये होता, म्हणजे फरक १३०८ रुपयांचा. एखाद्याचे भिजलेले सोयाबीन ३७०० ला गेले, तरी त्यास १३०८ च मिळणार. उरलेल्या ३२० रुपयांची तूट त्याने सोसायची.

ही तूट सोसतो तो शेतात राबणारा. रक्कम मात्र नोंदणी ज्याच्या नावे, त्याच्या खात्यात जाते. आमच्या शेताची नोंदणी खसऱ्याप्रमाणे आमच्या नावे होती, म्हणून वाटेकऱ्याच्या हिश्श्याच्या धान्याचा फरकही आमच्याच खात्यात जमा झाला. अर्धेलीचा करार वडिलांच्या काळचा, तोही तोंडी. धान्य निम्मे-निम्मे एवढेच त्यात ठरलेले. सरकारी पैशाविषयी कधी कोणी बोललेच नव्हते. पैसे आले का, असे त्याने संकोचाने विचारले, तेव्हा आम्ही ओशाळलो. त्याने विचारण्यापूर्वीच आम्ही सांगावयास हवे होते.

भावांतराची रक्कम ही बक्षिसी नव्हे. धान्याच्या किमतीचा तो राहिलेला भाग आहे. तेव्हा ज्याचे धान्य त्याचा फरक, हा साधा न्याय. त्याप्रमाणे त्याच्या हिश्श्याची रक्कम आम्ही त्यास दिली. परंतु असा न्याय मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहणे बरे नव्हे.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचेही असेच आहे. वर्षाचे ६००० रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबासच मिळतात. दुसऱ्याची जमीन कसणारा त्यातून वगळलेला आहे. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस आखलेल्या कालिया योजनेत वाटेकरी व भूमिहीन यांचाही विचार केला होता. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

आपल्या राज्यातही मार्ग अगदीच बंद नाही. २०१६ च्या कायद्याने भूमिस्वामी व बटाईदार यांस साध्या कागदावर करार करून त्याची प्रत तहसीलदाराकडे देता येते. असा कागद असेल तर नैसर्गिक आपत्तीची मदत आणि पीकविमा यांवर वाटेकऱ्यास हक्क सांगता येतो. मंडीच्या नोंदणीतही बटाईदार म्हणून नाव घालण्यास लेखी करारच लागतो. कागद केला तर जमीन हातची जाईल, ही धास्ती आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु या कायद्याने वाटेकऱ्यास जमिनीवर मालकी मिळत नाही. त्याच्या नावातच दोघांच्या हितांचे संरक्षण आहे.

येत्या पेरणीपूर्वी आम्ही तो कागद करणार आहोत. धान्याबरोबरच सरकारी रक्कम कोणाची, हेही त्यात स्पष्ट लिहू. देवास, धार, उज्जैन येथील ज्या वाचकांची शेती वाट्याने दिलेली आहे, त्यांनीही हा विषय एकदा घरात काढावा. पुढच्या हंगामात आपल्या वाटेकऱ्यावर संकोचाने विचारण्याची पाळी येऊ नये, एवढेच मागणे.