पाट्या टाकू नका, पाट्या वाचा!

‘काय चाललंय ऑफिसात?’ ‘पाट्या टाकतेय!’ हिंजवडीत माझं हे उत्तर ठरलेलं. तुमचंही असेल. पण माझ्या ताईनं मला पाट्यांचा वेगळाच फंडा दाखवला, बॉस!

ताई नगर जिल्ह्यात आठवीला मराठी शिकवते. १२ वर्षं तेच धडे, त्याच नोट्स. ‘मीपण पाट्याच टाकते गं,’ दिवाळीत ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

मग एका शनिवारी तिनं गृहपाठ दिला : घर ते शाळा, दिसतील त्या पाट्या वहीत उतरवा. सोमवारी फळा भरून गेला. ‘शुध्द शाकाहारी’, ‘आर्शिवाद’, ‘उपहारगृह’! उपहार म्हणजे भेट, उपाहार म्हणजे फराळ. म्हणजे तिथं मिसळ फुकटच मिळायला हवी! वर्ग खो खो हसला. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला. ती पाटी त्याच्या वडिलांनी रंगवली होती.

त्या रात्री ताईला झोप लागली नाही. चूक काढणं सोपं. ती कशी होते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. दोनच दिवसांनी तिनं त्या पेंटरकाकांना वर्गात बोलावलं. ‘गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं, आम्ही तस्संच रंगवतो,’ काका म्हणाले. मग त्यांनी खडूनं मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ काढून दाखवला. ही वळणं सरकारनं २००९मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये शासन निर्णयानं ठरवून दिलीत, हे ताईनं त्यानंतर शोधून वाचलं. इतकी वर्षं शिकवून!

ही आयडिया फक्त तिची नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका शहरातल्या इंग्रजी पाट्या भाषेच्या वर्गात कशा वापरता येतील, यावर पीटर सेयर या संशोधकानं २०१०मध्येच लिहिलंय.

आता ताईचा वर्ग रस्त्यावरच भरतो. ‘वाहने सावकाश चालवा’ हा थेट हुकूम. ‘थुंकू नये’ हा जरा आडून. असं का? २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मग कुठल्या पाटीवर जुनं नाव आहे, कुठल्या पाटीवर नवं? मुलं वाद घालतात, आजी-आजोबांना विचारून येतात. ताई ऐकते, टिपून ठेवते. जुन्या नोट्स तिनं माळ्यावर टाकल्या.

परवा मी त्या उपाहारगृहात मिसळ खाल्ली. पैसे देऊनच! पाटीवर ‘प’ला काना आलाय, बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जास्त लाल. मालकाला विचारलं, तर म्हणाले, ‘पेंटरचा पोरगा सांगून गेला, मग काढून घेतला.’

सोमवारी ऑफिसला जाताना मोबाइल जरा खिशात ठेवा. खिडकीबाहेर बघा. काय काय वाचायचं राहून गेलंय!