‘मे’ या इंग्रजी क्रियापदाचा पसारा

इंग्रजी शाळेच्या अगदीं पहिल्या इयत्तांत ‘मे’ हें साहाय्यक क्रियापद शिकविलें जातें आणि ‘शकेल’ असा त्याचा अर्थ विद्यार्थी वहींत उतरून घेतो. पुढें आयुष्यभर तेवढ्याच भांडवलावर त्याचा व्यवहार चालतो. एखाद्या कचेरीचें पत्र येतें. त्यांत अर्ज ‘मे बी कन्सिडर्ड’ असें लिहिलेलें असतें. आतां विचार होणार म्हणून घरांत आनंद होतो. वास्तविक पत्र लिहिणाऱ्यानें कांहींच कबूल केलेलें नसतें. विचार करण्याची वा न करण्याची मोकळीक त्यानें स्वतःजवळ ठेवलेली असते.

या शब्दाच्या मुळाशीं ‘शक्ति’ हा अर्थ आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘मे’चा पूर्वज ‘बळ असणें, सामर्थ्य असणें’ या अर्थीं येई. त्याचेंच भूतकाळीं रूप म्हणजे आजचें ‘माइट’. आणि बळ या अर्थाचें ‘माइट’ हें नामही त्याच घराण्यांतलें. सत्ता या अर्थाचा जर्मन भाषेंतील ‘माख्ट’ हा शब्दही त्याचा भाऊबंदच. उलट ‘कॅन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जाणणें’ असा होता, आणि संस्कृत ‘ज्ञा’ धातूशीं, म्हणजे ओघानें आपल्या ‘जाणणें’ या क्रियापदाशीं, त्याचें दूरचें पण निश्चित नातें आहे. जुन्या काळीं अंगांत बळ असे त्याला ‘मे’ आणि विद्या अवगत असे त्याला ‘कॅन’ लागे. पुढें ‘कॅन’नें सामर्थ्याचा सगळा प्रांत बळकावला आणि ‘मे’च्या वांट्याला परवानगी, संभव व शुभेच्छा एवढेंच उरलें.

मराठींत यांसाठीं वेगवेगळीं रूपें आहेत. ‘ही मे गो’ या वाक्याचा अर्थ ‘त्यानें जावें, हरकत नाहीं’ असाही होतो आणि ‘तो कदाचित् जाईल’ असाही होतो. ‘मे यू लिव्ह लाँग’ म्हणजे ‘तुम्हांला दीर्घायुष्य लाभो’. आपण ‘जावें’, ‘जाईलही’, ‘लाभो’ अशीं क्रियापदाचीं रूपें बदलतों. इंग्रज मनुष्य तोच एक शब्द वापरून बाकीचें संदर्भावर सोडतो. म्हणून ‘मे’ दिसतांच शक्ति कोणाच्या हातीं आहे, हें प्रथम पाहावें. बोलणाऱ्याच्या हातीं असेल तर ती परवानगी; परिस्थितीच्या हातीं असेल तर संभव; दैवाच्या हातीं असेल तर शुभेच्छा.

नकार आला कीं गुंता वाढतो. ‘ही मे नॉट कम’ या वाक्यांत ‘नॉट’वर जोर दिला तर बहुधा त्याला येण्याची मनाई ठरते, ‘मे’वर जोर दिला तर तो कदाचित् येणार नाहीं, एवढेंच. ध्वनिक्षेपकासमोर हा भेद आवाजानें सहज दाखवितां येतो. कागदावर मात्र तो मुका राहतो.

सर्वांत नाजूक जागा भूतकाळाची. नदींत पडलेल्या मुलाविषयीं ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ असें कोणी लिहिलें, तर तो बुडाला असेल. अजून कांहीं कळलेलें नाहीं. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ असें लिहिलें, तर पुष्कळदां अर्थ असा कीं, तो बुडालाच असता, पण वांचला. एका वाक्यानें आईच्या काळजाचा ठोका चुकावा आणि दुसऱ्यानें तिनें देवापुढें साखर ठेवावी, एवढें हें अंतर आहे. अलीकडे पुष्कळ इंग्रज लेखकसुद्धां दोन्हींची गल्लत करतात. परंतु जेथें जीवितमरणाची वार्ता आहे तेथें हा आळस क्षम्य नाहीं.

कायद्यांत तर ‘मे’ आणि ‘शॅल’ यांच्यांत अधिकार आणि कर्तव्य यांएवढा फरक मानतात. भारताच्या राज्यघटनेचें 143 वें कलम पाहावें. राष्ट्रपतींनीं सर्वोच्च न्यायालयाचें मत मागितल्यास पहिल्या पोटकलमाप्रमाणें न्यायालय मत कळवूं शकतें, तेथें शब्द ‘मे’ आहे. दुसऱ्या पोटकलमांत ‘शॅल’ आहे. अयोध्येच्या जागेविषयीं 1993 मध्यें पहिल्या पोटकलमाखालीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास न्यायालयानें 1994 मध्यें आदरपूर्वक नकार दिला. तसा नकार देण्याला वाव होता तो या ‘मे’मुळें. अर्थात् कायद्यांतला ‘मे’ नेहमींच मोकळा नसतो. अधिकार लोकांच्या हक्कासाठीं दिलेला असेल, तर तो वापरणें हें कर्तव्यच आहे असें मानून न्यायाधीश प्रसंगीं ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ असा लावतात.

पण तो अर्थ लावण्यासाठीं न्यायाधीशापर्यंत जावें लागतें, आणि तें कोणाला परवडतें? घर भाड्यानें घेतांना इंग्रजी करारनाम्यांत अनामत रकमेच्या परतफेडीपुढें ‘शॅल’ आहे कीं ‘मे’, एवढें सही करण्यापूर्वीं पाहून घ्यावें; आणि ‘मे’ असेल तर तो शब्द मालकाकडून त्याच बैठकींत बदलून घ्यावा.