नाळेच्या रक्ताचा सौदा

गेल्या महिन्यात आमच्या शिंदखेड्याच्या दुकानावर एक एजंट आला. कापडाचा नव्हे, नाळेच्या रक्ताचा. आमच्या दुकानातील मुलाच्या घरी पाळणा हलणार, हे त्याला कोठून तरी कळले होते. बाळंतपणात नाळेत उरणारे रक्त कंपनी गोठवून ठेवील, पुढे बाळाला काहीही आजार झाला तरी तेच कामी येईल, पैसे हप्त्याने द्या, असे त्याचे म्हणणे. हप्त्यात व्याज किती, असे विचारताच त्याने विषय बदलला. व्यापारी बंधूंनी सही करण्यापूर्वी माल उलगडून पाहावा, म्हणून हे लिहितो.

नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. हाडांच्या मगजातही त्या असतात व त्यांपासूनच आपले रक्त बनते. मगज बिघडला तर जुळणाऱ्या माणसाचा देता येतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात हा उपचार १९८३ पासून होतो. नाळेच्या रक्ताने पहिला उपचार १९८८ साली पॅरिसला झाला. पण त्या मुलाला स्वतःचे नव्हे, धाकट्या बहिणीच्या नाळेचे रक्त दिले होते.

खरी मेख येथेच आहे. थॅलेसेमियासारखा आजार जन्माचाच, म्हणून तो बाळाच्या नाळेतील रक्तातही असतो. कसर लागलेल्या ताक्याला त्याच ताक्याचे ठिगळ लावून काय उपयोग? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीत साफ म्हटले आहे की, स्वतःच्या पुढील उपयोगासाठी हे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच असे आजारी मूल असेल तर गोष्ट वेगळी. सख्ख्या भावंडाचे रक्त जुळण्याची शक्यता चारात एक असते. मधुमेहावर, गुडघ्यावर मूळपेशींची सुई विकणारेही फिरतात. तो अजून प्रयोग आहे, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

हे जायज आहे का, असेही लोक विचारतात. राबेता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिकह कौन्सिलने २००३ साली मक्केत निर्णय दिला: नाळेच्या रक्तातील पेशी जायज, मोठ्या माणसाच्या, त्याच्या राजीखुशीने व इजा न होता घेतल्या तर त्याही जायज. मुद्दाम पाडलेल्या गर्भाच्या मात्र नाजायज.

आपल्याकडे नात्यात निकाह होतात. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणी मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. वाहक आहे की नाही, हे साध्या रक्ततपासणीत कळते. ती निकाहापूर्वीच व्हावी. आमच्या मुलाची बायको त्याची मावसबहीणच. एजंटाला परत पाठवले आणि दोघांचे रक्त धुळ्याला तपासायला दिले. रिपोर्ट यायचा आहे.