उसाला तुरा का येतो?



नोव्हेंबर उजाडला की फडावर पांढुरके तुरे डोलू लागतात. भाईंदरच्या जेसल पार्कातून सुट्टीला गावी आलेला पाहुणा बांधावर उभा राहून म्हणतो, "वा, काय देखणं दिसतंय!" आपल्या पोटात मात्र गोळा येतो. तोडणीची पाळी कधी येणार आणि तोवर वजन किती घटणार, हा हिशेब मनात सुरू होतो.

तुरा म्हणजे उसाचे फूल. शेंड्यातला जो कोंब आजवर पाने आणि कांड्या करीत होता, तोच फुलोरा होऊन बाहेर पडतो. त्यामुळे त्या उसाला नवी कांडी येणे तिथेच थांबते.

पुष्कळांची समजूत अशी की पाणी किंवा खत कमी पडले म्हणजे तुरा येतो. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तुरा दिसतो नोव्हेंबरात, पण त्याचा निर्णय ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होऊन गेलेला असतो. आपल्या कोल्हापूर-सांगली भागात जूनमध्ये दिवस तेरा तासांचा असतो. पुढे तो हळूहळू आखडत ऑगस्टअखेर साडेबारा तासांवर येतो. उसाला हीच खूण लागते. त्यात रात्री उबदार, दिवस ढगाळ आणि रानात पाणी तुंबलेले, म्हणजे तर तुऱ्याला आमंत्रणच! उलट त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला किंवा नत्र भरपूर असले तर तुरा कमी येतो. पण भर पावसाळ्यात ताण कोण देणार? आणि तुरा टाळायचा म्हणून युरियाची पोती ओतणे हेही शहाणपण नव्हे, उतारा घसरतो.

आता दिवसाची लांबी उसाला कळते कशी? पानाला. पानात उजेड ओळखणारे एक द्रव्य असते, आणि पेशींना आपले घड्याळ असते. वनस्पती मोजते ती खरे तर रात्र. साडेअकरा तासांची अखंड काळोखी रात्र मिळाली, तीही ओळीने अनेक दिवस, की पानातली ठरावीक जनुके जागी होतात. ती एक प्रथिन तयार करतात, ते रसाबरोबर शेंड्याला पोचते आणि 'आता फूल धर' असा निरोप देते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला तरी हा हिशेब मोडतो. म्हणून रात्रभर दिव्याखाली असलेल्या उसाला तुरा सहसा येत नाही. पाहुण्याच्या जेसल पार्कात रस्त्याच्या दिव्याखाली ऊस लावला, तर त्याला हे देखणं दृश्य बहुधा दिसायचं नाही!

मात्र निरोप समजायला ऊस वयात आलेला हवा. निदान तीन-चार कांड्या सुटलेल्या हव्यात. जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाली पहिल्या वर्षी कोवळी म्हणून सुटते, दुसऱ्या ऑगस्टात सापडते. जानेवारीतली सुरू लागण आणि वेळेवर ठेवलेला खोडवा त्याच वर्षी सापडतात.

मग शेजारच्या जातीला तुरा नाही आणि आपल्याला का? इथे रक्ताचा प्रश्न येतो. आजच्या जाती गोड जाड ऊस आणि नदीकाठचे रानटी कास गवत यांच्या संकरातून आल्या. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले आणि तिथला असा पहिला संकर, को २०५, १९१८ साली शेतात आला. काटकपणा कासाकडून मिळाला, पण भरघोस फुलण्याची खोडही त्याच बाजूने आली. त्यातून उसात शंभरावर गुणसूत्रे, एकेका जनुकाच्या दहा-बारा प्रती. गुंता एवढा की आधुनिक उसाच्या एका जातीची पूर्ण जनुकीय मांडणी २०२४ साली कुठे प्रसिद्ध झाली. तुरा आणणारे जनुक खुडून टाकणे म्हणूनच सोपे नाही. शिवाय तुराच नसता तर नवे वाण कुठून येणार? आपली लाडकी को ८६०३२ झाली ती को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या तुऱ्यांच्या संकरातूनच. तिला स्वतःला तुरा उशिरा आणि कमी येतो, ही तिची मोठी जमेची बाजू.

तुरा आला म्हणजे लगेच नुकसान, असे समजू नये. सुरुवातीचे काही आठवडे साखर वाढतेही. दीड-दोन महिन्यांनंतर मात्र शेंड्याकडून दशी पडते, पांगशा फुटतात, रस कमी होतो, तंतू वाढतो. वजन आपले जाते, उतारा कारखान्याचा जातो.

इथेच आपले खरे दुखणे आहे. तोडणीचा प्रोग्रॅम लागणीच्या तारखेवर चालतो आणि तो तसाच चालावा, नाहीतर ज्याची ओळख त्याची तोड. पण डिसेंबरात पूर्ण तुऱ्यावर आलेला फड फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही. आमच्या मते तुऱ्याच्या फडांची वेगळी नोंद नोव्हेंबरातच व्हावी, गटाच्या शेतकी मदतनीसाने प्लॉट पाहून टक्केवारी लिहावी आणि यादी गट ऑफिसच्या फलकावर लागावी. चार तुरे दाखवून पाळी पुढे ओढणारेही आपल्यातच आहेत, म्हणून प्लॉट पाहणे हवेच. ही नोंद व्हावी अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी लागणीची तारीख, जात आणि तुरा प्रथम दिसल्याचा दिवस आपल्या गट ऑफिसात लेखी द्यावा.